सभासद नाहीत

शांतवन वायदंडे यांना चर्चचे पाळक होऊन सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांना चांगला उपदेशक असं कुणी म्हटलं नव्हतं. आवाज बारीक, उपदेश अर्ध्यात आला की चष्मा काढून पुसायची सवय, आणि पुसून झाल्यावर आपण कुठे होतो ते आठवायला लागणारा वेळ. वार्षिक सभेत इतर पाळक आपापल्या पाचारणाची, देवानं कसं बोलावलं त्याची, साक्ष देत. कुणाला स्वप्न पडलेलं असे, कुणाला शेतात पाणी पाजताना नाव घेऊन हाक आलेली असे. शांतवनांची पाळी आली की ते म्हणत, "मला एका आयाबाईनं पाळक केलं," आणि खाली बसत.

ते खरंच होतं. पाटणकडचं खेडं सोडून ते बावीस वर्षांचे असताना वडलांना घेऊन मिरजेच्या दवाखान्यात आले होते. अकराव्या दिवशी औषधं आणायला म्हणून ते बाहेर गेले, रांगेत अडकले, आणि परत आले तेव्हा वडील गेलेले होते. कॉटशेजारी स्टुलावर वॉर्डातली आया बसली होती. वडलांचा हात तिच्या हातात होता. तिची ड्युटी दुपारी दोनला संपायची, आणि घड्याळात साडेपाच झाले होते.

"तुम्ही अजून इथं कशा?" शांतवनांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मानूस चाललं हुतं," ती म्हणाली. "एकलं कसं सोडायचं?"

तिनं प्रार्थना केली नाही, समजूत घातली नाही. उठली, पदर सारखा केला आणि बस पकडायला निघून गेली. पुढे शांतवन पाळकाचं शिक्षण घ्यायला गेले ते त्या साडेतीन तासांच्या भरवशावर. सेवा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार नसे. कुणी आजारी पडलं, कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं की ते जात आणि बसत. कधी दोन तास, कधी दोन दिवस. हळूहळू चर्चच्या मंडळीबाहेरची, बौद्ध वस्तीतली, मराठा आळीतली माणसंही निरोप धाडू लागली, "पाळकसायेबास्नी म्हनावं जरा येऊन बसा."

दहा वर्षांपूर्वी त्यांची बदली आष्ट्याजवळच्या खैरवाडीला झाली. पहिल्या रविवारी पुढच्या बाकावर एक म्हातारी दिसली. हात त्यांनी आधी ओळखले, चेहरा नंतर. लीलाबाई सकटे. मिरजेच्या त्याच दवाखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे, प्रशांतकडे राहत होत्या. रोज सकाळी त्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येत, फरशी झाडत, बाक पुसत. कुणी सांगितलं नव्हतं. शांतवन त्यांना मावशी म्हणू लागले.

"सायेब, माझ्या येळंला तुमी पायजेल," त्या एकदा म्हणाल्या. "आष्ट्याच्या दफनभूमीत आमच्या मालकाच्या शेजारी जागा हाय. तिथवर तुमी गीत म्हनत यायचं. गळा चांगला न्हाई तुमचा, पर चालंल."

"मी कुठं जातोय मावशी," शांतवन हसून म्हणाले.

प्रशांतची मुलगी अक्षता हुशार निघाली. वस्तीत आजवर कुणाला पडले नव्हते एवढे मार्क तिला पडले आणि सातारला मेडिकलला नंबर लागला. प्रवेश मिळाला तो अनुसूचित जातीतून. घरातली तीन पिढ्यांची माणसं ख्रिस्ती, पण शाळेच्या दाखल्यावर पणजोबांपासून 'हिंदू मातंग' लिहिलेलं. असं बहुतेक घरांत होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. धर्म बदलला म्हणून वस्तीचं नळकोंडाळं बदललं नव्हतं की गावातल्या माणसांची नजर बदलली नव्हती. बदलत होती ती फक्त सवलत; कागदावर ख्रिस्ती लागलं की अनुसूचित जातीची सवलत जायची.

जातवैधतेचं प्रकरण पुढे गेलं आणि भावकीतल्याच कुणीतरी अर्ज दिला की हे कुटुंब ख्रिस्ती आहे. चौकशी लागली.

प्रशांत एका संध्याकाळी शांतवनांच्या घरी आला. स्वतःचा टेम्पो चालवायचा, बोलणं कमीच. बराच वेळ हातातली किल्ली फिरवत बसला. "तुमच्याकडं इचाराय येनार हायती," तो म्हणाला. "म्या काय मागाय आलो न्हाई सायेब. तुमी खरं तेच बोलनार, ठावं हाय मला. फकस्त कानावर घालाय आलो."

तो गेल्यावर शांतवनांच्या पत्नी दीपमाला स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ऋषिराजच्या वेळी पण तुम्ही खरंच बोलला होतात."

ते त्यांच्या आधीच्या मंडळीत घडलं होतं. ऋषिराज अनुसूचित जातीतून पोलीस भरतीत उतरला होता. असेच चौकशीला आले. शांतवनांनी बाप्तिस्म्याची नोंदवही पुढे ठेवली आणि बोट लावून नाव दाखवलं. ऋषिराजची नोकरी गेली. आता तो ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर मोळ्या भरतो. मागे एकदा इस्लामपूरच्या स्टँडवर समोरासमोर आले, तेव्हा त्यानं शांतवनांकडे रस्त्यातल्या खांबाकडे बघावं तसं बघितलं आणि बाजूनं गेला. खरं बोलल्याचा आनंद शांतवनांना त्या दिवसापासून कधी झाला नाही.

चौकशी अधिकारी सकाळी दहाला देवळात आले. सभ्य माणूस. बूट बाहेर काढून आत आले. लीलाबाई मागच्या बाकांखालून झाडू फिरवत होत्या.

"पाळकसाहेब, एका ओळीचं उत्तर हवंय," अधिकारी म्हणाले. "प्रशांत सकटे आणि त्यांचं कुटुंब तुमच्या मंडळीचं सभासद आहे का?"

"नाही," शांतवन म्हणाले.

आपला आवाज एवढा स्पष्ट निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बाप्तिस्म्याची नोंदवही बघायला मिळेल?"

"एकोणीसच्या पुरात भिजली. काही उरलं नाही." नोंदवही मागच्या कपाटात होती, कोरडी ठणठणीत.

अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर मागे गेली. "या बाई कोण?"

शांतवनांनी चष्मा काढला. पुसला. मागे झाडूचा आवाज थांबला होता.

"झाडलोट करायला येतात," ते म्हणाले.

"काय हो बाई, इथं कामाला असता का?"

लीलाबाईंनी कमरेतून हळूहळू सरळ होत अधिकाऱ्यांकडे पाहिलं. शांतवनांकडे पाहिलं नाही. "व्हय सायेब," त्या म्हणाल्या. "म्या झाडाय येते." आणि पुन्हा वाकल्या.

शांतवनांनी मंडळीच्या कागदावर लिहून दिलं, 'सदर कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद नाहीत.' सही केली, शिक्का मारला. अधिकारी गेले.

"मावशी," ते म्हणाले. 

लीलाबाईंनी केर भरला, बाहेर टाकून आल्या, झाडू जागेवर ठेवला. "पोरीसाटनं केलंसा. कळतंय मला. तुमच्या जागी मी असते तर मीबी काय केलं असतं, सांगता येत न्हाई. पर मला इचारायचं हुतं. म्याच सांगितलं असतं त्यास्नी, की न्हाई, मी न्हाई ख्रिस्ती. माजं मी नाकारलं असतं आनि माजं मी भोगलं असतं. तुमच्या तोंडून नगं हुतं."

त्या दिवसापासून त्या देवळात आल्या नाहीत. प्रशांतनंच बंद केलं. निकाल येईपर्यंत कुणी चर्चची पायरी चढायची नाही आणि पाळकांनी घरी यायचं नाही. अर्ज देणारा डोळ्यांत तेल घालून बसला होता, सकट्यांच्या घरासमोरच राहत होता, कोण येतं कोण जातं त्याचे फोटो काढत होता. रविवारी पुढचा बाक रिकामा दिसे. शांतवन उपदेश करताना मागच्या भिंतीकडे बघू लागले.

डिसेंबरात लीलाबाई आजारी पडल्या. छातीत कफ धरला, दोन दिवस सांगलीत ठेवलं, डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि घरी पाठवलं. शांतवनांना हे दूधवाल्याकडून कळलं. त्यांनी शर्ट घातला, चप्पल घातली आणि प्रशांतला फोन लावला.

"येऊ नका सायेब," प्रशांत म्हणाला.

"मी आत येत नाही. मागच्या दारानं येतो. पाच मिनिटं."

"मागच्या दाराम्होरं त्याचाच गोठा हाय."

"मग फोन तिच्या कानाला लाव."

फोनवर बरीच हालचाल ऐकू आली. मग श्वास ऐकू येऊ लागला, खरखरीत, ओढून घेतलेला. सत्तावीस वर्षांत शांतवन शेकडो माणसांच्या उशाशी बसले होते, पण बोलायची वेळ फारशी आली नव्हती. ते बोलत नसत, बसत. फोनवर बसता येत नाही. "मावशी, मी शांतवन," ते म्हणाले. मग प्रार्थना म्हणू लागले. मध्येच कुणीतरी घरात आल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

ते चप्पल घालूनच दिवाणखान्यात बसून राहिले. दीपमालांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. त्यांचं घर आणि सकट्यांचं घर यांच्यात चालत सात मिनिटांचं अंतर होतं.

लीलाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. आष्ट्याच्या दफनभूमीत नेलं असतं तर तोच पुरावा झाला असता. गावच्या स्मशानात, कृष्णेच्या काठी, सरण रचलं. प्रशांतच्या हातात मडकं होतं. त्याला कोणत्या बाजूनं फिरायचं ते ठाऊक नव्हतं. सासुरवाडीचे हिंदू लोक खांदा धरून त्याला फिरवत होते.

शांतवन पाळकाची गळपट्टी न लावता, साधा शर्ट घालून गर्दीच्या कडेला उभे होते. शेजारी पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या कोण लागायच्या?"

"ओळखीच्या होत्या," शांतवन म्हणाले.

गीत मनात म्हणायचं ठरवून ते आले होते. पहिली ओळ आठवली. पुढची आठवेना. धूर अंगावर आला तसे लोक मागे सरले, तेही सरले.

मार्चमध्ये अक्षताला जातवैधतेचं प्रमाणपत्र मिळालं. प्रशांतनं पेढे पाठवले, कुणाच्या तरी हाती, नाव न सांगता. त्यानंतर महिन्याभरात मंडळीतली आणखी दोन कुटुंबं शांतवनांकडे आली. त्यांच्याही मुलांची प्रकरणं होती. एकाला दिलं ते दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी दोन्ही कागद लिहून दिले. त्या दोन्ही कुटुंबांनी दुसऱ्या रविवारपासून यायचं थांबवलं.

मेच्या सुट्टीत अक्षता आली. एकटीच, भर दुपारी, पुढच्या दारानं. दीपमाला सरबत करायला आत गेल्या.

"आजीनं तुम्हाला हाक मारली होती," ती बसल्या बसल्या म्हणाली. "फोन बंद झाल्यावर. तीन-चार वेळा. पप्पा म्हणाले, येतायत, वाटेत आहेत. मग तिनं हाक मारायची सोडली."

शांतवन उठले, पंखा लावला आणि पुन्हा बसले.

"तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

"तुझं शिक्षण..."

"मला ख्रिस्ती म्हणून ओबीसीतून बीएएमएस मिळत होतं. मी घेतलं असतं. मला कुणी विचारलंच नाही. पप्पांनी नाही, तुम्ही नाही. आजीलाही नाही. सगळ्यांनी माझ्यासाठी केलं." ती रडत नव्हती. रडली असती तर शांतवनांना काय करायचं ते माहीत होतं. "आता मी सोडू पण शकत नाही. सोडलं तर आजी फुकट गेली."

"मी लिहून देतो," शांतवन म्हणाले. "खोटं बोललो म्हणून कळवतो त्यांना."

"आणि माझं काय करता? सीट जाईल, वर पप्पांवर गुन्हा दाखल होईल." ती उठली. "ते तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून असेल."

सरबताचे ग्लास घेऊन दीपमाला बाहेर आल्या तेव्हा ती फाटकापाशी पोचली होती. शांतवन खुर्चीतच बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच गोष्ट पटवली होती, की चूक कबूल केली की माणसाला पुढे चालता येतं. आता त्यांची कबुलीसुद्धा कुणाच्या तरी मानेवर पाय देऊनच होणार होती.

त्यांनी बदली मागितली. वाईची मंडळी मिळाली. जूनमध्ये सामान हलवायचं ठरलं, तर प्रशांत आपणहून टेम्पो घेऊन आला. दोन कपाटं, पलंग, पुस्तकांच्या पेट्या, सगळं एकट्यानं चढवलं. दीपमालांनी चहा विचारला, नको म्हणाला. देवळाच्या वऱ्हांड्यात शेवटची एक पेटी होती, पायरी चढायची नाही म्हणून तेवढी मात्र त्यानं शांतवनांनाच रस्त्यापर्यंत आणायला लावली.

दोरी आवळून झाल्यावर तो हात पुसत जवळ आला.

"वाईत आमाला कोन वळखत न्हाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हैन्यातनं एक रविवार आलो तर चालंल का? मागं बसंन."

"ये," शांतवन म्हणाले.

"आनि कुनी इचारलं, तर कोन म्हनून सांगू?"

शांतवनांनी चष्मा काढला. प्रशांत केबिनमध्ये चढला आणि त्यानं गाडी चालू केली. दीपमाला आणि शांतवन त्याच्या शेजारी बसले; वाई येईपर्यंत चष्मा शांतवनांच्या हातातच होता.