डाव्या हाताचं पाणी

कर्नल आंपोन्सा येणार म्हणून याआ दुफीच्या अंगणात बाजारातल्या बायका सकाळपासून ठाण मांडून बसल्या होत्या. आधी लष्कर, मग मंत्रिपद, मग युरोपात दहा वर्षं राजदूत. एवढं भोगून मेल्याला आता गावच्या मुखियाची गादीही हवी होती. वडीलधाऱ्यांनी अट घातली होती: आधी दुफीशी समेट कर, तिच्या घरचं पाणी पिऊन ये, मगच गादीचं बोलू.

तीस वर्षांपूर्वी, लष्कराची राजवट असताना, ह्याच कर्नलनं दुफीला भर बाजारात साठेबाज ठरवलं होतं. दुकानात कापडाचे गठ्ठे होते दोन, तेही पावतीचे! त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं तिचं उजवं कोपर फोडलं, दुकान जाळलं. हात गेला तो गेलाच, पण 'साठेबाजीण' हे नाव नातवंडांच्या शाळेपर्यंत जाऊन पोचलं. ते त्यानं स्वतःच्या तोंडानं पुसावं, एवढंच दुफीला हवं होतं.

तो आला. खांद्यावरून घेतलेलं पांढरंशुभ्र वस्त्र, मनगटावर सोन्याचं घड्याळ. दुफीनं पाण्याचा पेला पुढं केला, डाव्या हातानं.

डाव्या हातानं तर कुणी भिकाऱ्यालाही काही देत नाही.

"आजी, काय हे!" कर्नलच्या वतीनं बोलायला आलेला ओपोकू खेकसला. "उजवा हात कुठाय?"

"ह्यालाच विचार की! ह्यानंच नेला."

बायका फिसकन हसल्या. कर्नलही कसनुसं हसला आणि त्यानं दोन्ही हातांनी पेला धरला. पाणी आधी, येण्याचं कारण नंतर, अशी रीत. पण दुफीनं पेला सोडलाच नाही.

"आधी सांग, कशाला आलास?"

"त्या काळात काही चुका झाल्या, दुफीबाई. त्याचा खेद..."

"झाल्या? आपोआप? आभाळातून पडल्या होय रे? परदेशात हेच शिकलास? 'मी केलं' म्हण. 'दुफी साठेबाज नव्हती' म्हण. जीभ नाही झडायची तुझी!"

कर्नलनं बायकांकडं पाहिलं. ओठ हलले.

"परिस्थितीच तशी होती," तो म्हणाला.

दुफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेला हिसकावून तिनं सगळं पाणी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.

"चालता हो! गादी हवी, आणि एवढंसं 'मी' निघेना तोंडातून!"

कर्नल ताडकन वळून गाडीत जाऊन बसला. ओपोकू मात्र दारात घुटमळला. "आजी, वडीलधाऱ्यांना काय सांगू?"

"सांग, पाहुणा तहानलेलाच गेला. आणि मी अजून साठेबाजीणच आहे, तेही सांग."