मूठभर कणी

बिकाळीला दोन आया होत्या, आणि डाव्या पायात एक लोखंडी कडं. दोन्हींचा तिला भारी तोरा.

अंगणवाडीत नवं पोर आलं, आईच्या नावानं भोकाड पसरून दारात लोळायला लागलं, की ही साडेचार वर्षांची बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहायची. "तुला एकच आई?" ती विचारायची. "म्हणून रडतोस होय! मला दोन आहेत. एक घरी गेली तर दुसरी असते." पोर तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहायचं. अठ्ठावीस वर्षं मी सेविका आहे, भुवनेश्वरला जाऊन तीन प्रशिक्षणं करून आले, पण रडणं थांबवायची इतकी चांगली युक्ती मला कुणी शिकवली नाही.

आणि ती खोटं बोलत नव्हती. बिकाळीची जन्मदाती आई झुनू; तिची आधीची दोन बाळं एकविसाव्या दिवसाआधीच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिची सासू निशामणी हिनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नात विकून टाकली. बाळ सुपात घातलं, मागच्या दारानं बाहेर नेलं आणि सेबतीच्या ओटीत दिलं. सेबती गावाबाहेरच्या शेवटच्या साहीतली, म्हणजे वस्तीतली. त्या साहीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गावाची बाळंतपणं करत आल्या, आणि त्यांच्या हातचं पाणी मात्र गावात कुणी पीत नाही. यमाला चकवायचं तर पोर अशाच घरी विकायचं असतं. तिथं तोही हात लावायला धजत नाही म्हणे. सेबतीनं मूठभर कणी झुनूच्या पदरात टाकली, बाळाच्या पायात कडं घातलं आणि म्हणाली, "पोर माझं. तू नुसतं सांभाळ." नाव ठेवलं बिकाळी, म्हणजे विकलेली. पोर जगलं.

तेव्हापासून झुनू तिची बौ आणि सेबती तिची मा. पाय वाढेल तसं दरवर्षी सेबती लोहाराकडून कडं सैल करून आणायची. तिला स्वतःचं मूल नाही, नवराही नाही. विकत घेतलेलं पोर मोठ्या शाळेत नाव घालायच्या वेळी परत द्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. "अजून दीड वर्ष आहे, दिदी," असं ती एकदा मला म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

त्याच सुमाराला आमची जुनी मदतनीस निवृत्त झाली. सेबती आठवी पास, तिनं अर्ज केला आणि तिची ऑर्डर आली. मदतनिसानं पोरांना घरून आणायचं, अंगणवाडी झाडायची, जेवण रांधायचं. पहिल्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बसवून आली. तिनं डाळ-भाज्यांचा डालमा केला, भात केला. बावीस ताटल्या घासून मांडल्या.

एकही पोर आलं नाही. म्हणजे एक आलं. बिकाळीला कुणी आणायला जायची गरज नव्हती; तिची ती टणाटण उड्या मारत आली आणि रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाली, "सगळे कुठं मेले?"

"येतील," मी म्हटलं.

"लिटू नाही, टिकी नाही, बापुनी नाही. मग मी मारू कुणाला?" तिनं सेबतीचा हात धरून तिला लिटूच्या जागी बसवलं. "मा, तू लिटू हो. लिटूसारखी रड." सेबती लिटूसारखी रडली, नाक ओढून, पाय आपटून. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिला टिकी व्हावं लागलं, मग बापुनी. शेवटी पुन्हा लिटू. या खेपेला तिला रडणं थांबवायला जरा वेळ लागला, आणि बिकाळी तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "पुरे आता, खोटं खोटंच आहे ना."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी गावचे चार पुरुष वाडीच्या दारात आले. आवाज कुणी चढवला नाही. पोरं उपाशी राहताहेत, आता तुम्हीच काय ते बघा दिदी, एवढंच. मला तेव्हा सांगता आलं असतं की ऑर्डर आहे, कायदा आहे, पोरं पाठवायची तर पाठवा. नाही सांगितलं. मी म्हटलं, "रांधायचं मी बघते. सेबती झाडलोट करील, पोरांची ने-आण करील." ते खूश होऊन गेले. मीही स्वतःवर खूश होते, हे लपवून काय करू? बाकीची एकवीस पोरं परत आली. सेबतीनं चुलीजवळचा पाट उचलून माझ्यासाठी नीट ठेवला आणि केरसुणी घेतली. मला ते सोयीचंच वाटलं.

पण पोरांना घरून पढवून पाठवलेलं होतं. सेबतीमावशीला हात लागला तर हापशावर जाऊन हात धुवायचे. आता ही सगळी तीन-चार-पाच वर्षांची. मावशी त्यांना कडेवर घेऊन नाला ओलांडून आणणार, त्यांची चड्डी बदलणार, शेंबूड पुसणार, आणि तिला हात लागायचा नाही? दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी ओरडायचं, "लागला! लागला!" आणि हापशावर पळायचं. मग तो खेळच झाला. एकमेकांना ढकलून मावशीच्या अंगावर घालायचं, आणि ज्याला लागलं त्यानं पळायचं. सेबती अंगण झाडताना अंग चोरून घ्यायची, तरी पोरं येऊन आदळायचीच.

मी तो खेळ बंद केला नाही. हात धुण्याचा तक्ता भुवनेश्वरहून आलेला, माझ्याच भिंतीवर टांगलेला. जेवणाआधी हात धुवा, शौचानंतर हात धुवा. सुपरवायझर बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "वा कुंतला, तुझ्याकडची पोरं किती हात धुतात!" मी मान डोलावली.

त्या खेळात बिकाळीच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिला हापसा प्रिय. दांड्याला लोंबकळायचं, अर्धं पाणी अंगावर घ्यायचं. ती जायची ती थेट सेबतीच्या गळ्यात पडायची, तिच्या गालाला गाल घासायची आणि "लागला!" म्हणून किंचाळत हापशावर सुटायची. हात धुवायचे, परत यायचं, परत गळ्यात पडायचं. दुपारपर्यंत फ्रॉक निथळत असायचा. कडं गंजायला लागलं होतं. "मेली आजारी पडशील!" सेबती कुजबुजायची आणि माझं लक्ष नाही असं बघून आपल्या पदरानं तिचं डोकं पुसायची. माझं लक्ष असायचंच.

अंड्याच्या दिवशी घात झाला. बिकाळीला अंडं सोलून लागायचं, आणि ते ‘मा’नंच सोलायचं. मी सोललेलं तिनं ताटलीबाहेर ढकललं. "तू पांढरं काढून टाकतेस," ती मला म्हणाली. ते खरं होतं. मी घाईत सोलते. ती दुसरं अंडं घेऊन अंगणात गेली, सेबतीच्या मांडीवर बसली. सेबतीनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली, म्हणजे हो म्हटलं. तिनं चिमटीनं हळूहळू टरफल काढलं, अंडं कुठंही न फाटता गुळगुळीत बाहेर आलं, आणि बिकाळीनं ते तिच्या बोटांतूनच खाल्लं. टिकीची आई तेव्हाच टिकीला न्यायला आली होती.

दुसऱ्या दिवशी निशामणी आली. उंबऱ्याबाहेरूनच सुरू झाली.

"कुंतला, तुझ्या वाडीत माझी नात कुणाच्या मांडीवर बसून जेवते गं?"

"जिला तुम्ही विकलीत तिच्या," मी म्हटलं. एवढं बोलायची हिंमत त्या सगळ्या दिवसांत मला एकदाच झाली.

"जीभ फार चालायला लागली तुझी! विकली ती यमाला दाखवायला. गावाला दाखवायला नाही. माझ्या धाकट्या लेकीला बघायला लोक यायचेत. ते आधी हेच विचारणार, तुमच्या घरचं पोर कुणाच्या हातचं खातं?"

"काकू, तिच्याच हातानं पोर जगलं ना?"

"जगलं ना? मग काम झालं. येत्या गुरुवारी परत घेते."

सेबती चार हातांवर अंगण झाडत होती. केरसुणी थांबली. मग परत सुरू झाली, झाडून झालेल्या जागेवरच.

मार्गशीर्षातला गुरुवार. सगळ्या दारांत तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढलेली. निशामणीच्या अंगणातल्या पावलांच्या अलीकडे, रस्त्यावर, सेबती उभी होती. तेच धुतलेलं लुगडं. लोहारानं बिकाळीचा पाय पाटावर ठेवला आणि कडं कापलं. बिकाळी ओरडली नाही, तिला वाटलं यंदाही सैल करताहेत. मग निशामणीनं सूपभर तांदूळ आणले, वर एक नवी साडी, आणि हात उंच धरून वरूनच सेबतीच्या पसरलेल्या पदरात ओतले. काही दाणे पावलांवर पडले.

"म्हण," निशामणी म्हणाली.

"तुमचं पोर तुम्हाला दिलं," सेबती म्हणाली. "माझं काही राहिलं नाही."

झुनू दाराआड होती. ती पुढे येऊन, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, हळूच म्हणाली, "रागावू नकोस, नानी."

"पोर जगलं ना? झालं तर मग," सेबती म्हणाली आणि वळली. बिकाळी तिच्या मागे धावली तेव्हा आजीनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "आता तू आमची झालीस. सूपभर तांदूळ मोजलेत तुझ्यासाठी. तिला मा म्हणायचं नाही, तिला शिवायचं नाही. मावशी म्हणायचं, सगळ्यांसारखं."

बिकाळी त्या पसरलेल्या पदराकडे, त्यातल्या तांदळाकडे बघत होती. तिच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी ती वाडीत आली, ती झुनूचं बोट धरून. कडं होतं तिथं पायाला पांढरा पट्टा. "कडं कुठंय?" लिटूनं विचारलं.  "आता तुला एकच आई!" टिकी म्हणाली. चार वर्षांच्या पोरीला सगळं कळलेलं होतं. बिकाळी खेळायला गेली नाही, हापशावरही नाही. भिंतीला टेकून बसली आणि अंगणात सेबती कुठं कुठं जाते ते मान वळवून बघत राहिली. सेबती एकदाही आत आली नाही.

जेवणाआधी मी तांदूळ काढायला कोठीचं झाकण उघडलं आणि चूल बघायला गेले. परत आले तर बिकाळी कोठीत खांद्यापर्यंत वाकलेली. मी काही बोलायच्या आत ती मूठ आवळून अंगणात पळाली. बोटांच्या फटींतून दाणे सांडत होते.

सेबती कुंपणापाशी पाला गोळा करत होती. बिकाळी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिचा हात धरून उलटा केला. मूठ त्यात सोडली.

"हे घे," ती म्हणाली. "बौला दे, आणि मला परत घे."

सेबतीचा हात तसाच पसरलेला राहिला.

"एवढे पुरतात, मा. आधी मूठभरच दिले होतेस ना?"

पोरं खेळ थांबवून बघत होती. सेबतीनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही शब्दानं मागितलं नाही. मी तिथं जायला हवं होतं. त्या दोघींच्या शेजारी बसायला हवं होतं, सगळ्या पोरांदेखत. निदान गप्प तरी राहायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं एकच वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणत आलेली जीभ माझी. घाबरल्यावर तेच बाहेर पडलं.

"बिकाळी, तांदूळ कोठीत टाक," मी म्हटलं. "आणि हात धुऊन ये."

सेबतीनं डोळे मिटले. मग तिनंच ते तांदूळ बिकाळीच्या ओंजळीत परत ओतले, एकही दाणा सांडू न देता. "जा," ती म्हणाली. "दिदी काय सांगते ते ऐकावं."

बिकाळीनं तांदूळ कोठीत टाकले. हापशावर गेली. दांड्याला लोंबकळली नाही. टिकीनं हापसला आणि हिनं धारेखाली हात धरले, तक्त्यात आहेत तसे, आधी तळवे, मग बोटांच्या मधे, मग मनगटं. फ्रॉकला हात पुसले आणि ओळीत येऊन बसली. मी वाढलं ते मुकाट्यानं जेवली.

ती अजून रोज येते. पुढच्या जूनला मोठ्या शाळेत जाईल. शहाणी झाली आहे, निशामणी सगळ्यांना सांगते. सेबती अंगण झाडत असली की बिकाळी लांबून वळसा घालून जाते. त्या शुक्रवारपासून तिचा फ्रॉक एकदाही ओला झालेला मी पाहिला नाही.