डावीकडची खुर्ची

शिंप्याची बायको पलंगाच्या डाव्या अंगाला बसे, कारण सिस्टरनी तसे बजावले होते. "मावशी, खुर्ची डावीकडेच ठेवायची. बोलायचं, हात चोळायचा, ते सगळं त्याच बाजूनं." का, ते सांगायचे राहून गेले, पलीकडच्या रुग्णाला ओकारी आली आणि सिस्टर तिकडे धावल्या.

पक्षाघाताने नवऱ्याचे डावे अंग लुळे पडले होते. तो निश्चेष्ट हात मांडीवर घेऊन ती एकेक बोट उलगडी आणि हाक मारी, "अहो." हाक ऐकताच तो मान वळवी, पण उजवीकडे, खिडकीकडे.

त्याचे कारण तिला ठाऊक होते. त्या दिवशी सकाळी रक्तदाबाच्या गोळीवरून दोघांची जुंपली होती. "पडाल तेव्हा कळेल," असे ती बोलून गेली, आणि दुपारी तो शिवणयंत्रावरून खाली कोसळला. चुकलेली शिवण उसवता येते. उच्चारलेला शब्द कसा उसवावा? जिवाचा धोका टळला, असे डॉक्टर म्हणाले होते. पण असेच तोंड फिरवून तो उरलेला जन्म काढणार असेल, तर घरी न्यायचे ते कोणाला?

नणंद भेटीला आली आणि म्हणाली, "बघतसुद्धा नाही गं तो तुझ्याकडे. जिभेला जरा हाड असतं तर!"

एरवी वन्संना उत्तर दिल्यावाचून सोडणारी ती नव्हे. आज मात्र ती नवऱ्याची बोटे उलगडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी त्याला ताठ बसवले, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावली आणि तिने घरून आणलेले मऊ जेवण पुढे ठेवले. तो उजव्या हाताने सावकाश जेवला आणि चमचा ठेवून दिला. ताटाची उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडचे अन्न जसेच्या तसे, मध्ये खडूने रेघ मारावी तसे.

"माझ्या हातचं ना," ती पुटपुटली, "म्हणून टाकलं."

सिस्टरनी ताट फिरवले. उरलेले अन्न उजवीकडे आले.

"अजून होतं होय?" म्हणत त्याने पुन्हा चमचा उचलला. मग भरल्या तोंडानेच, "सिस्टर, आमची ही..."

"आधी गिळा काका, मग बोला."

त्याने गिळले. वाकड्या ओठांतून शब्द जड येत होते. "आमची ही कुठं असते? आवाज येतो तिचा. समोर काही येत नाही. रागावलीय अजून."

त्याचा डावा हात त्या क्षणी तिच्याच ओंजळीत होता.

सिस्टर तिच्याकडे वळल्या. "मावशी, हे मी आधीच सांगायला हवं होतं. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय. डोळे धड आहेत, पण डावीकडे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. तिकडून हाक आली तरी उजवीकडेच शोधतात."

"मग मला इथं का बसवलंत?"

"त्यांनी इकडे वळायला शिकावं म्हणून. पण आधी तुम्ही त्यांना सापडायला हव्यात."

ती उठली. पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी उभी राहिली. त्याची दृष्टी तिच्या मुखावर स्थिरावली, देवालयातल्या समईच्या ज्योतीसारखी, न हलता.

"आलीस?"

"इथंच होते हो."

"पडलो," तो म्हणाला. "कळलं."

ती हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

मग सिस्टरच्या सांगण्यावरून ती पलंगाच्या पायथ्याकडून पुन्हा डावीकडे निघाली, खुर्ची हळूहळू सरकवत, अखंड बोलत. त्याची नजर तिच्यामागून येत होती. तिने पायथ्याचा मध्य ओलांडताच ती नजर गळून पडली आणि तो कावराबावरा होऊन खिडकीकडे पाहू लागला. ती झटकन एक पाऊल मागे आली.

"इथं दिसते?"

"दिसतेस."

तिने खुर्ची तिथेच टेकवली. "मग आज इथवर. उद्या इथून पुढं."