बोट न लावता लाल झालेला चेहरा

पडद्यावरचा चेहरा लाल झाला आणि अख्ख्या गेरेमा गावाचा श्वास अडकला. चर्चच्या पटांगणात दीडेकशे माणसं उभी होती, अंगाला दुखवट्याचा पिवळा चिखल फासलेली, बहुतेकांच्या हातात कोयते. समोर ताणलेल्या चादरीवर गावातल्या तीस जणांचे फोटो ओळीनं मांडले होते. त्यातला एकच, आग्नेस म्हातारीचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्तानं माखल्यासारखा झाला होता.

"बटण दाबलं का कुणी?" पायसनं गर्दीला विचारलं. "विट्ने, तू दाबलंस?"

"नाही," विट्ने म्हणाला.

डेल्मा धापा टाकत पोचली ती नेमकी याच वेळी. ती पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत संगणक शिकवायची, आणि आग्नेस तिची सख्खी आत्या होती.

पायस हा ग्लासमन, म्हणजे माणसाच्या पोटात दडलेलं चेटूक आरपार बघणारा. पूर्वीचे ग्लासमन आलं चघळत, बांबूची नळी घेऊन यायचे. हा लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि जनरेटर घेऊन आला होता. वाडवडिलांना आता बांबूत बसायचा कंटाळा आलाय, ते संगणकात राहायला गेलेत, असं तो काळ्या चष्म्याआडून गंभीरपणे सांगत होता. कुणी हसलं नाही. दोन डुकरं आगाऊ दिल्यावर हसू येत नाही.

गाव अडाणी असतं तर कदाचित फसलं नसतं. कॉफीच्या सोसायटीत संगणक होता, पोरं शाळेत तो शिकत होती. बटण दाबल्याशिवाय हे यंत्र काही करत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि इथं तर बटण कुणी दाबलंच नव्हतं. पायसनं माऊसला हातही लावला नव्हता. तो त्यानं, चेटकानंच मेला असं गाव मानत होतं त्या कौपाच्या धाकट्या भावाच्या, विट्नेच्या हाती दिला होता. बोट वर उचलून बाण एकेका चेहऱ्यावरून फिरव, एवढंच सांगितलं होतं. बाण कितीतरी चेहऱ्यांवरून गेला, काही झालं नाही. आग्नेसवर आला आणि चेहरा पेटला. मरायच्या आदल्या दिवशी कौपानं तिच्याच हातची रताळी खाल्ली होती.

पुढचं पापणी लवायच्या आत घडलं. दोघांनी म्हातारीला केसांना धरून फरफटत आणलं. एकानं तिच्या हातावर कुऱ्हाडीचा दांडा घातला, आणि हाड मोडल्याचा आवाज डेल्माला पटांगणाच्या या टोकाला ऐकू आला. तिला खांबाला बांधलं. विस्तवात दोन सळया आधीच घातलेल्या होत्या. डेल्मा मध्ये पडली तर कुणीतरी तिच्या तोंडावर गुद्दा हाणला. ती चिखलात पडली, दात हलला, तोंड रक्तानं भरलं.

ती उठली ती आत्याकडे न जाता विट्नेकडे गेली.

"दादा, एकदा परत बघ," ती म्हणाली. "खरं असेल तर दुसऱ्यांदाही खरंच निघेल ना?"

वाडवडील दमलेत, पायस घाईघाईनं म्हणाला.

"माझा भाऊ मेलाय," विट्ने त्याच्यावर गुरगुरला. "मी बघणार."

"आता तुझ्या आईच्या फोटोवर आण," डेल्मा म्हणाली. "बोट वर. आणि हात हलवू नकोस."

एक, दोन, तीन. विट्नेची आई लाल झाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "तीपण चेटकीण!" आणि खरोखर एकानं त्या बाईचा गळा धरला. हे असं उलटेल, असा विचारच डेल्मानं केला नव्हता. विट्नेनं झेप घेऊन कोयत्याच्या मुठीनं त्या माणसाचं नाक फोडलं, रक्ताळलेल्या हातानं परत माऊस धरला, आणि बाण स्वतःच्या फोटोवर आणून ठेवला. एक, दोन, तीन.

"घ्या, मलाही बांधा," तो म्हणाला.

डेल्मानं रक्त थुंकून सांगितलं, "बाण फोटोवर आला की हे पडद्यावरचं पान मनात आकडे मोजायला लागतं. बाण लवकर निघून गेला, तर मोजणी रद्द. तीन सेकंद तिथंच राहिला, तर फोटो लाल. बटण लागतच नाही. माझ्या नववीच्या मुली असलं पान दुपारभरात लिहितात." तिनं बाण चर्चच्या पाद्रीबाबांवर ठेवला, तेही लाल झाले.

पायस कधीच पळत सुटला होता. ओढ्याशी त्याला गाठलं, आणि त्याच्या बरगड्यांवर दगड पडू लागले. डेल्मा त्याच्या अंगावर आडवी पडली. दोन दगड तिच्या पाठीत बसले.

"याला पोलिसांच्या हवाली करा," ती ओरडली. "हाही असाच मेला, तर तुमच्यात नि याच्यात फरक काय?"

दवाखान्यात न्यायला आग्नेसला सोडवून कॉफीच्या ट्रकमध्ये घातलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. विट्ने ट्रकचा कठडा धरून उभा होता.

"मास्तरीणबाई, एक सांगा," तो हळूच म्हणाला. "मला कुणीच थांब म्हटलं नव्हतं. मग माझा हात तिच्यावरच का थांबला?"

"कारण तुझा संशय तिच्यावर आधीच बसला होता. त्या ठगाला ते ठाऊक होतं. यंत्रानं फक्त तू किती वेळ थांबलास ते मोजलं." तिनं आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. "कौपाचे पाय किती दिवस सुजलेले होते?"

"चार महिने. जरासा चढ चढला तरी दम लागायचा."

"आणि नर्सबाई काय म्हणाल्या होत्या?"

"कुंडियावाच्या मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाल्या होत्या. आम्ही नेलं नाही."

"माणूस मेला की आपण कुणी मारलं ते विचारतो, विट्ने. तो कशानं मेला, हे आधी विचारा. तेवढं विचारलं असतं, तर आज हिचा हात शाबूत असता."

ट्रक सुरू झाला. विट्नेनं कोयता खाली टाकला आणि मागं चढून म्हातारीचा मोडका हात, धक्का बसू नये म्हणून, दोन्ही हातांनी धरून ठेवला.