साहेबाच्या टेबलावरचा जिताडा

आमच्या भागात कारखाने आले त्याच सुमाराला महाप्याच्या फाट्याजवळ 'क्रीक व्ह्यू ग्रिल' नावाचं हॉटेल निघालं. तिथून खाडी दिसत नसे. दिसली असती तरी उपयोग नव्हता, कारण आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून जाड पडदे भर दुपारीसुद्धा ओढलेले असत. कारखान्यांतल्या गोऱ्या साहेबांना मुंबई न गाठता मांसाचा जाड तुकडा सुरीकाट्यानं खाता यावा, यासाठी ते हॉटेल काढलं होतं. बाकीच्यांनी ते बाहेरून पाहावं अशी सोय होती.

अशा हॉटेलात सारसोळ्याच्या जानू नाखव्याला रविवारी दुपारी जेवायचं आमंत्रण आलं. नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण जानूकाका निम्म्या कोळीवाड्याच्या वतीनं बोलत, म्हणून आमंत्रण त्यांना. ते आलं कंपनीकडून, आणि कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. किनाऱ्याची पट्टी कंपनीनं घेतली होती. तिथे तिचा माल उतरवायचा धक्का होणार होता. कुंपणाचे खांब येऊन पडले होते. त्याच पट्टीवरून आमच्या होड्या पाण्यात जात आणि पावसाळ्यात तिथूनच वर ओढल्या जात. कुंपण सलग झालं, तर होड्या एका बाजूला आणि खाडी दुसऱ्या बाजूला.

जानूकाकांचं मागणं एका वाक्याचं होतं. "होडी जाईल एवढी वाट सोडा." हे वाक्य त्यांनी आठवडाभर घोटलं होतं. जाळं विणताना बोलत, तंबाखू मळताना बोलत. पुतळाकाकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणे, "आता झोपंत पन बोलतंय. मना वाटतं मीच कुंपन घातलंय."

मला बरोबर घेतलं ते हॉटेलातलं जेवणाचं कार्ड वाचायला. मी बी.ए. होतो आणि पनवेलला एका सरकारी कचेरीत कारकुनी करत होतो. गावात मला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे 'बीये' म्हणत. डिग्रीचा तेवढाच उपयोग झाला.

निघताना पुतळाकाकीनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा मासा काढला. पहाटेच मिळालेला, लहान मुलाएवढा. काका तिथेच थबकले.

"ह्यो कशाला?"

"जेवाला बोलावलंय. रिकाम्या हातानं जाव?"

"अगो, जिताडा साहेबाच्या घरी कवा जातो? काम झाल्याव जातो. मामलेदाराला दिला, तलाठ्याला दिला, तो काम झाल्याव. काम व्हयाच्या आदी मासा नेला तर तो काय समजंल?"

"गोरा साहेब त्यो. त्याला तुजा मामलेदार काय ठावा?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती. आमच्याकडे जेवायला बोलावलेला माणूस मासा घेऊन जातो, तो मासा तिथेच शिजतो आणि सगळे एकत्र खातात. आमच्याचकडे जिताडा साहेबाच्या दारात पोचला की काम झालं, तक्रार राहिली नाही, असंही समजतात. काकीनं पहिली रीत धरली. गोणपाट तिच्या हातात होतं, त्यामुळे वाद तिथेच संपला.

कंपनी जीप पाठवणार होती. आला तो पोलादी पिंपं वाहणारा ट्रक. काकी पुढे बसली, मी आणि काका मागे पिंपांशेजारी. महाप्याला उतरलो तेव्हा काकांच्या पांढऱ्या सदऱ्याला मागून गंजाचा गोल शिक्का बसला होता. मी ते सांगितलं नाही. सांगून सदरा धुतला जाणार नव्हता.

दारात धर्मराज उभा होता. हा कोपरखैरण्याचा. याच्या बापाची भातशेती कंपनीनं आधी घेतली, मग धर्मराजला घेतलं. तो आता कंपनीचा जमीन अधिकारी होता. म्हणजे आपली जमीन गेल्यावर दुसऱ्यांची कशी जाईल, ते बघायचं. कोट आला होता, आणि त्याच्या बोलण्यात 'ण' आला होता. लहानपणी माझ्याबरोबर 'पानी' प्यायलेला माणूस आता प्रत्येक 'ण' वर किंचित थांबून पुढे जाई, गडी ओझं घेऊन पायरी चढतो तसा.

"या जानूकाका. आपण आलात, आनंद वाटला."

"धर्मा, साहेब कंचा? मना एकच गोष्ट बोलाची हाय."

"बोलू की. आधी जेवण. हे काय आणलंत?"

काकीनं गोणपाट उघडलं. धर्मराजनं माशाकडे पाहिलं, मग काकांकडे. असा हसला की मला ते आवडलं नाही. त्यानं जिताडा दोन्ही हातांनी घेतला. कोटाची पर्वा केली नाही. "काकी, तुम्ही मोठ्या मनाच्या," असं म्हणून तो स्वतः आत घेऊन गेला.

"बगलंस?" काकी नवऱ्याला म्हणाली. "मानसाला मान कळतो."

आम्हाला बसवलं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी. पलीकडे, हॉलच्या मधोमध लांब टेबल होतं. तिथे मोठा साहेब, त्याची बाई, आणखी चार गोरे आणि धर्मराज. आमच्यात आणि त्यांच्यात रिकामी टेबलं एवढी होती की हाक मारली तर ऐकू जाईल, पण हाक मारणं शोभणार नाही. काकांची पाठ त्या टेबलाकडे होती. ते सारखे मान वळवून बघत, साहेब मोकळा झाला का म्हणून. साहेब मोकळाच होता. आमच्याकडे येत नव्हता, इतकंच.

गारव्यानं काकी कुडकुडू लागली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंतचं. मांडीवर घ्यायची पांढरी फडकी होती, तिनं आमच्या दोघांचीही उचलून खांद्यावर घेतली. पगडीवाल्या वेटरनं ते पाहिलं आणि त्या क्षणापासून आमच्याकडे पाहायचं सोडलं. पाणी मागितलं, तर तो दिव्याकडे बघत "लाता है" म्हणाला आणि पलीकडच्या टेबलावर बर्फ घेऊन गेला.

बऱ्याच वेळानं त्यानं कार्ड आणलं. एकच. मी वाचू लागलो. त्यात मांसाचेच प्रकार होते. नावं वेगळी, जनावर एक.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"अंडरकट."

"कशाचं अंडरकट?"

"बफेलो," तो म्हणाला. "स्पेशल."

मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "म्हशीनं यांचा काय बिगारलाय?"

"कैसा मंगता?" वेटर म्हणाला. "कच्चा, आधा कच्चा, पूरा?"

"अरं, आधा कच्चा कोन खाईल?" काकीनं विचारलं. वेटरनं मधल्या टेबलाकडे मान केली. काकीनं तिकडे पाहिलं. मोठ्या साहेबाच्या ताटात लालसर पाणी सुटलं होतं. "परमुलखात," ती हळूच म्हणाली, "बिचाऱ्याला कोन शिजवून देत नाय."

कार्डाच्या तळाशी मासा होता. पापलेट, पांढऱ्या सॉसमध्ये. आम्ही तो सांगितला. जिताडा यायचा होताच, तोवर हा. आधी सूप आलं. कोंबडी या विषयावर ते पाणी होतं. बरोबर पावाचे गोळे. काकांनी एक गोळा दोन्ही हातांनी फोडायचा प्रयत्न केला, मग तो तसाच बाजूला ठेवला.

पापलेट आलं. मुंबईहून, बर्फातून. खाडी पलीकडेच असताना हा मासा ट्रकनं सगळा वळसा घालून आला होता, आणि तो किती दमलाय हे वासावरून कळत होतं. सॉस त्याच्यावर चादरीसारखा ओढला होता. काकीनं चमच्यानं कोपरा उचलला आणि परत टाकला.

"मेल्यावर झाकतात तसा झाकलाय," ती म्हणाली. "खाव नका."

मी वेटरला बोलावलं. मासा शिळा आहे म्हणून सांगितलं, इंग्रजीत. तो कोळ्यांच्या टेबलावर इंग्रजी ऐकून जरा दचकला. मग म्हणाला, "साब लोग तो खाते हैं." साब लोग मांस खात होते. ते दाखवूनही तो ताट उचलीना. शेवटी म्हणाला, "कंपनी का खाना है ना? फिर?"

मी ताट स्वतःच टेबलाच्या कडेला सारलं.

"जाऊ दे, बीये," काका म्हणाले. "जेवाला नाय आयलो आपुन. साहेबाचा झाला का बग."

तेवढ्यात झुलतं दार उघडलं आणि आमचा जिताडा बाहेर आला. चांदीच्या रंगाच्या लांब थाळीत, लिंबाच्या चकत्यांत. डोकं नव्हतं. काकीनं खांद्यावरची फडकी काढून नीट घडी केली, बसायची जागा सारखी केली. थाळी आमच्या टेबलाजवळून गेली. इतकी जवळून की वाफ लागली. ती मधल्या टेबलावर जाऊन टेकली.

काकीनं मान वळवून थाळी कुठे टेकली ते पाहिलं. मग म्हणाली, "उरला सुरला आनतील." तिच्या आवाजावरून तिचाच त्यावर विश्वास नव्हता.

धर्मराज उभा राहिला. काट्यानं ग्लास वाजवला आणि इंग्रजीत बोलू लागला. मी काकांच्या कानात सांगत गेलो. किनाऱ्यावरच्या लोकांची एक जुनी, सुंदर चाल आहे, तो म्हणाला. एखाद्या अधिकाऱ्याचा निर्णय मनापासून पटला की ते त्याला आपल्याकडचा सर्वांत चांगला मासा नजर करतात. आज सारसोळ्याच्या कोळ्यांचा प्रमुख स्वतः मासा घेऊन आला आहे. धक्क्याच्या कामाला त्यांचा आशीर्वाद आहे.

गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाच्या बाईनं आमच्याकडे पाहून मान लववली. काकीनंही लववली, कारण तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती नवऱ्याकडे बघायची बंद झाली. काकांनी मात्र तिला एका शब्दानं टोचलं नाही. त्यापेक्षा टोचलं असतं तर बरं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

काका उठले. गंजाचा शिक्का घेऊन ती सगळी रिकामी टेबलं ओलांडून गेले. मी मागे. साहेबासमोर उभे राहून त्यांनी घोटलेलं वाक्य बोलून टाकलं.

"साहेब, होडी जाईल एवडी वाट सोडा."

साहेबानं धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज हसून इंग्रजीत म्हणाला, "ते आपल्याला दीर्घायुष्य चिंतत आहेत."

"ते असं म्हणाले नाहीत," मी म्हणालो. इंग्रजीतच. आणि ते वाक्य, कुंपण, होड्या, पावसाळा, सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं इंग्रजी मी सलग कधी बोललो नव्हतो. साहेबानं काटा खाली ठेवून ऐकलं. तो सभ्य माणूस होता, हे लिहिलं पाहिजे. तो म्हणाला, "तुमच्या लोकांना पाण्यापर्यंत वाट हवी? अर्थातच हवी. मिस्टर धर्मराज, यांना वाट मिळाली पाहिजे." धर्मराजनं खिशातून पेन काढलं. साहेबाची बाई मला म्हणाली, मासा अप्रतिम आहे, याला काय म्हणतात. मी सांगितलं. तिला ते म्हणता आलं नाही.

बाहेर आल्यावर धर्मराज आमच्यामागे आला. त्याचा 'ण' गेला होता.

"बीये, तुजी नोकरी सरकारी हाय म्हनून बोललास. माजी कंपनीची हाय. मना त्याच मानसाला रोज तोंड दाखवाचा हाय."

"तू जिताड्याचा खोटा का सांगितलास?" मी विचारलं.

"खोटा काय? जिताडा कवा देतात? तुजा काका सांगंल." तो काकांकडे वळला. "सांगा काका. काम झाल्याव ना?"

काका तंबाखू मळू लागले. काकीच म्हणाली, "मी आनला, धर्मा. जेवाला बोलावलं म्हनून आनला. तुज्या आयसच्या घरी गेले असते, तरी आनला असता."

धर्मराजनं खाली पाहिलं. मग आतून कोणीतरी बोलावलं आणि तो गेला. ट्रक केव्हाच निघून गेला होता. आम्ही रस्त्यानं चालू लागलो. तुर्भ्याला एका टपरीवर भजी खाल्ली. त्या दिवशीचं जेवण ते.

पावसाच्या आधी कुंपण उभं राहिलं. साहेबाचा हुकूम होता, त्यामुळे वाट खरोखर सोडली होती. लोखंडी गोल फिरणारं फाटक होतं, एका वेळी एक माणूस जाईल एवढं, कडेला 'वाट' अशी पाटी. त्यातून माणूस पाण्यापर्यंत जाऊन उभा राहू शके. गोरा साहेब उद्घाटनाला आला तेव्हा त्यानं स्वतः त्यातून जाऊन दाखवलं आणि पलीकडून हात हलवला. धर्मराजनं टाळ्या वाजवल्या.

जानूकाकांनी आपली होडी फाटकापर्यंत ढकलत आणली होती. ती तिथेच ठेवून ते एकटेच आत गेले, ओल्या चिखलात गुडघ्यापर्यंत उतरले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. साहेबाला वाटलं, हा माणूस खूश आहे. त्यानं परत हात हलवला. काकांनी पाहिलं नाही. काकी फाटकाच्या अलीकडे होडीला टेकून उभी होती. ती मला म्हणाली, "बीये, त्याला हाक मार. भरती लागलीय." मी हाक मारली. ते लगेच वळले नाहीत.