चंपतरावची नांगरट

चंपतराव फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हा त्याचे वडील नत्थूजी बंडी जुंपून मौद्याच्या बसथांब्यावर घ्यायला गेले होते. पोराचे हातपाय धड होते, डोळे धड होते. म्हाताऱ्याला आणखी काही नको होतं.

चंपतराव फौजेत सुरुंगाच्या कामावर होता. एकाहत्तरची लढाई थांबल्यावर त्याच्या तुकडीला सरहद्दीवरच्या वावरांतले सुरुंग काढायला पाठवलं. गव्हाचीच वावरं होती ती. पोटावर झोपायचं आणि सळई तिरपी टोचत पुढे सरकायचं. गुरनाम नावाचा त्याचा जोडीदार एका सकाळी चहा प्यायला उठला, साफ केलेल्या पट्ट्यातूनच चालत निघाला आणि राहून गेलेला सुरुंग फुटून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. ही गोष्ट चंपतरावने घरात फक्त बायकोला, सुभद्राला सांगितली.

"आता घरी आले नं तुमी," ती म्हणाली.

घरात तो चांगला होता. बैल धुवायचा, विहिरीचं पाणी भरायचा. वावरात जायचं म्हटलं की मात्र काहीतरी निमित्त काढायचा. चैत्रात गहू निघाला, नांगरट आली. नत्थूजींच्या कमरेत आता जोर नव्हता. त्यांनी बैल जुंपले आणि नांगराचं रुमणं पोराच्या हातात दिलं.

नांगराची पहिली दोन-चार तासं नीट गेली. नत्थूजी मागून धसकटं वेचत होते. सुभद्रा भाकर घेऊन आली आणि कडेच्या बांधावरून, धुऱ्यावरून वावरात उतरली. तेवढ्यात नांगराचा फाळ कशाला तरी लागून खणकन वाजला.

"रुक जाओ!" चंपतराव ओरडला. "बाबा, पाय तिथंच ठेवा! सुभद्रा, हालू नोको वं!"

"काहून गा? गोटा असंन," नत्थूजी म्हणाले.

"हालू नोका म्हनतो नं मी!"

त्या आवाजाने दोघंही थिजली. बैलांना कोण सांगणार? ते नांगर ओढत विहिरीकडे निघाले. चंपतराव कान दाबून ढेकळांत पालथा पडला. काहीच झालं नाही. बैल विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. तरी तो उठला नाही. कमरेचा विळा काढून त्याच्या टोकाने तो माती टोचू लागला, अलगद, वितीवितीने.

ऊन चढलं. सुभद्रा डोक्यावरची टोपली धरून उभीच होती. नत्थूजी डुलू लागले.

"बाबा, बसू नोका!"

"मले चक्कर येऊन राहिली, बाबू," म्हातारा म्हणाला आणि कोसळला.

बाप हाकेच्या अंतरावर पडला होता आणि तो पोटावर सरकत, माती टोचत निघाला होता. घामाने विळा हातातून निसटत होता. "येतो बाबा, येऊन राहिलो," तो म्हणत होता, पण अंतर काही सरत नव्हतं. पाय उचलायचा म्हटलं की तो पुन्हा मातीला चिकटायचा.

सुभद्राने टोपली खाली ठेवली, तिच्यातला पाण्याचा तांब्या घेतला आणि सरळ चालत निघाली.

"नोको वं! सुभद्रा, नोको!" त्याने डोळे मिटून घेतले.

तिने सासऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं, त्यांना उठवून बसवलं, खांद्याचा आधार देत बाभळीच्या सावलीत नेलं. मग नवऱ्याकडे परत आली. तो मातीत तोंड घालून रडत होता. तिने हात दिला, पण त्याला उभं राहता येईना. शेवटी तिच्याच पावलांच्या खुणांवर गुडघे टेकत तो धुऱ्यापर्यंत आला.

नत्थूजी बरे झाले. पोराला ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि चंपतरावला तेच सोसवत नव्हतं. उरलेलं वावर सुभद्राने नांगरलं. बाई नांगर धरते म्हणून गाव हसलं. तो ओसरीवर बसून ते ऐकत राहिला.

पावसाळ्याआधी तो नागपूरला गेला. तिथल्या महाल भागातल्या एका कापडदुकानावर त्याला चौकीदारी मिळाली. तिथे पायाखाली फरशी होती. सुभद्रा अधूनमधून तांदूळ, मिरच्या घेऊन यायची. एकदा निघताना तिने विचारलं, "चालता का संगं? धान लई मस्त आलं औंदा."

"मले यायचं हाय वं," तो म्हणाला. "रोजच वाटते मले."

बसची वेळ झाली म्हणून ती पिशवी उचलून गर्दीतून निघाली. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.