ज्या थंडीत काही घडलं नाही

"तर मग कुठली वीस हजार वर्षं टाकायची?" संचालकांनी विचारलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

समितीचे सदस्य बशीकडे पाहू लागले. प्रश्न रास्त होता. संस्थेच्या शीतकोठीला दोन कॉम्प्रेसर होते. त्यातल्या एकाने कायमची मान टाकली होती आणि दुसऱ्याच्या जिवावर निम्मीच कोठी पुरेशी गार राहणार होती. म्हणजे निम्मा बर्फ ठेवायचा, निम्मा वितळू द्यायचा. हा बर्फ सरबतातला नव्हता. दूरच्या हिमपठारात खोल छिद्र पाडून काढलेले, मीटरभर लांबीचे गोल दांडे होते ते. दरवर्षी पडलेलं हिम थरावर थर दबून त्याचा बर्फ झालेला. वरचे दांडे अलीकडचे, खालचे हिमयुगातले, आणि प्रत्येकात त्या त्या काळची हवा बुडबुड्यांमध्ये कोंडलेली.

"वरची दहा हजार वर्षं तर ठेवलीच पाहिजेत," एक सदस्य म्हणाले. "उबदार काळ. शेती, शहरं, आपण सगळे त्यातलेच."

"आणि हिमयुग संपतानाचे दांडे," तरुण शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. "तिथे एका माणसाच्या आयुष्यात हवामान उलटंपालटं झालंय."

"मग राहिली त्याच्या आधीची थंडी. तिथे काय आहे?"

"थंडी आहे."

"आणि?"

"नुसतीच थंडी. काही घडत नाही तिथे."

ठराव झाला. काही घडू न देता आपापली कारकीर्द पार पाडलेल्या माणसांनी, काही घडलं नाही एवढ्याच कारणावरून वीस हजार वर्षं रद्द केली आणि चहा मागवला.

दाराशी काका उभे होते. कोठी सांभाळणं हे त्यांचं काम. दांडे मांडायचे, कापायला काढून द्यायचे, दार नीट लावायचं. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, पण ती समितीच्या विषयपत्रिकेत बसणारी नव्हती. काही न घडलेल्या त्या थंडीतला शेवटचा दांडा दादाने काढला होता.

दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ. छिद्र पाडणाऱ्या तुकडीत होता. मोसमाचा शेवटचा दांडा वर काढून त्याने खोक्यात ठेवला, खोकं पुढच्या गाडीवर चढवलं आणि स्वतः मागच्या गाडीत बसला. परतीच्या वाटेवर हिमाचं कवच फुटलं आणि मागची गाडी खालच्या भेगेत गेली. दांडा घरी आला, दादा आला नाही. भेगेला तळ सापडला नाही.

तिथला बर्फ जागच्या जागी राहत नाही, हळूहळू समुद्राकडे सरकतो, हे तेव्हाच्या एका शास्त्रज्ञाने घरी येऊन आईला समजावलं होतं. चारेकशे वर्षांत मुलगा किनाऱ्याला बाहेर येईल, असा त्याचा हिशेब होता. आईने विचारलं, "तोवर गारठणार नाही का हो तो?" शास्त्रज्ञ चहा अर्धा टाकून निघून गेला.

त्यानंतर काका या कोठीत चिकटले ते निवृत्तीपर्यंत आले. दादा अजून एकोणतीसचाच होता. धाकट्याचं वय थोरल्याच्या दुप्पट झालं, तरी कोठीचं जाड दार ओढताना ते आत बघून क्षणभर थांबत, दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याआधी थांबतात तसे. कोठीत तोंडातून वाफ निघते आणि वारा नसल्यामुळे रेंगाळते. काका श्वास सोडत, आणि कधी कधी वाफ दोघांची दिसे. याबद्दल ते कुणाशी बोलले नव्हते. मोजमाप करणाऱ्या माणसांपुढे असं काही बोलू नये एवढं त्यांना कळत होतं.

घरी वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. काका आणि त्या एकाच घरात राहत, त्या खाली, ते वर. काकांनी लग्न केलं नव्हतं, वहिनींनी पुन्हा केलं नव्हतं. जेवण एकत्र, भांडण एकत्र.

"वहिनी, आपल्या फ्रीजमध्ये मीटरभर लांब काही मावेल?"

"सगळे मटार काढले तरी नाही. काय आहे?"

काकांनी सांगितलं.

"तोडून ठेवा मग."

"तोडून?"

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही, तोडू नका."

"त्या शास्त्रज्ञ बाई म्हणत होत्या, तिकडचा बर्फ आता भराभर संपतोय. इतकं तापतंय की बर्फाची कडाच मागे येतेय. चारशे वर्षं कसली, चाळीस-पन्नास वर्षांत सुद्धा दादा…"

"तेव्हा मी नसेन, सुटले," वहिनी म्हणाल्या. "असते तर ह्यांनी मला आजी म्हणून हाक मारली असती." त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "ते तिकडे पुढे पुढे निघालेत, भाऊजी. तुम्ही इकडे त्यांची काठी धरून बसलात."

काका न जेवताच वर गेले.

दांडे टाकायच्या दिवशी कोठीबाहेरच्या धुण्याच्या मोठ्या बेसिनमध्ये काकांनी सकाळपासून वीस हजार वर्षं रिकामी केली. दादाच्या दांड्याशी आल्यावर त्यांचे हात थांबले. नंतर त्यांनी अगदी सावकाश एक गोष्ट केली. उबदार काळातल्या एका दांड्याची क्रमांक लिहिलेली पिशवी काढली आणि ती दादाच्या दांड्यावर चढवली. उघडा पडलेला दांडा बेसिनमध्ये गेला. ठेवलेल्या दांड्यांची संख्या जुळत होती. मापं घेऊन, नमुने काढून झालेल्या शेकडो दांड्यांमधला एक पुन्हा कोण उघडणार, असा त्यांचा हिशेब होता. त्या शास्त्रज्ञाच्या हिशेबासारखाच तोही चुकला.

महिन्याभराने शास्त्रज्ञ बाईंनी नेमका तोच उघडला. करवतीने त्याची पातळ चकती कापून नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, दुसरी चकती न्यायला. मग तिसरी. प्रत्येक वेळी काका दार धरून उभे होते.

"काका, आधी मला वाटलं यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या. त्यांच्या पापण्यांवर बारीक हिम साचलं होतं आणि चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. "केवढी धूळ आहे यात. अशी धूळ हिमयुगातच असते. म्हणजे मधल्या उबदार काळात मध्येच थंडी परत आली होती, आणि गेलीसुद्धा. कुणालाच हे माहीत नव्हतं."

"नव्हतं का," काका म्हणाले.

संचालकांच्या आनंदाला तर भरतंच आलं. हवामान असंच वरखाली होत असतं, मग हल्लीच्या उकाड्याचं एवढं काय घेऊन बसायचं, हे वरच्या साहेबांना ऐकायला फार आवडेल, असं त्यांचं मत पडलं. वार्ताहर बोलवायचे ठरले. "यावर आपल्याला दुसरा कॉम्प्रेसर मिळतो बघा," ते काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "मग यापुढे तुमचा एकही दांडा टाकावा लागणार नाही."

काकांनी तोंड उघडलं नसतं, तर दादा राहिला असता. कोठीही पुरी गार राहिली असती. त्या दुपारी ते आत गेले, फळीपुढे उभे राहिले आणि श्वास सोडला. वाफ एकट्याचीच होती.

ते बाईंच्या टेबलाशी गेले. "मॅडम, तुमची थंडी माझ्या भावाची आहे."

बाईंना समजायला वेळ लागला. काकांनी पिशवीची अदलाबदल सांगितली, गाडी सांगितली, भेग सांगितली. बाईंच्या चेहऱ्यावरून पहिल्या नंबराचा आनंद उतरत गेला.

"आणि माझा खरा दांडा?"

"बेसिनमध्ये वितळला."

"म्हणजे तेवढी वर्षं…"

"गेली. परत नाही यायची."

"मला तुमचा भयंकर राग आलाय, काका."

"यायलाच हवा."

बाईंनी समोरची वही मिटली. "सरांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "पण तो दांडा आता ठेवता यायचा नाही. ठरावात नाही बसत. उद्या काढा बाहेर. घरच्या कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

संचालकांनी वार्ताहरांना नको म्हणून कळवलं आणि काकांचा निवृत्तीचा दिवस अलीकडे आणला. दुसरा कॉम्प्रेसर आला नाही.

वहिनी चांगले कपडे घालून आल्या, दवाखान्यात कुणाला भेटायला जावं तशा. इतक्या वर्षांत त्या संस्थेत प्रथमच येत होत्या. काकांनी दांडा आणून बेसिनमध्ये आडवा ठेवला. तीन चकत्या गेल्यामुळे तो थोडा आखूड झाला होता. बाई दारातच थांबल्या.

थोड्या वेळाने बर्फ तडतडू लागला. आतले बुडबुडे फुटत होते आणि कधीची तरी दबलेली हवा खोलीत येत होती. आधी एखाददुसरा आवाज, मग भराभर, मग सगळ्या लांबीभर.

वहिनी बेसिनवर वाकल्या. त्यांनी कान अगदी जवळ नेला.

"घरी असताना कधी एवढं बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

काकांना हसू आलं. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल वहिनींना दिलं. बाईंनी बाहेरून आणखी एक ओढून आणलं आणि काकांजवळ ठेवलं. मग वळून, मागे दार लोटून घेत त्या निघून गेल्या.

दांडा बारीक होत गेला, त्याचे दोन तुकडे झाले, तडतड विरळ झाली. शेवटी बेसिनमध्ये पाणी उरलं आणि तळाशी थोडी करडी धूळ. वहिनींनी दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवले. पाणी अजून बोचऱ्या थंडीचं होतं, पण त्यांनी हात काढले नाहीत.

"लाल झालेत हात, वहिनी," काकांनी टॉवेल पुढे केला. "पुसा."

"पुसते," वहिनी म्हणाल्या, आणि हात पाण्यातच ठेवून बसून राहिल्या.